मुद्रितशोधकाचा जबाब

बसा साहेब. त्या खुर्चीचा एक पाय हलतो,
जरा भिंतीला टेकून बसा.
तुम्हाला कारण हवंय, एका वाक्यात,
अहवालाच्या रकान्यात मावेल असं.
तीनशे बारा पानं मी वाचलीत. दोनदा.
जेलरोडला माझ्याखेरीज कुणी वाचली असतील
तर नाव सांगा, पेढे माझ्याकडून.

पहिली प्रुफं आली तेव्हा एप्रिल होता.
'पक्षकार राष्ट्रे याद्वारे मान्य करीत आहेत की'
आणि ह्या 'की'नंतर सव्वा पान पूर्णविराम नाही.
मी पेन्सिलीनं एक टाकला.
दिल्लीहून फोन: काढा तो, अर्थ बदलतो.
मी म्हटलं, कोणता?
पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

आमचे बाळकृष्ण तांबट म्हणाले,
गिऱ्हाईक हंडा घेताना आधी टिचकी मारतं,
आवाज ऐकतं, मग भाव विचारतं.
ह्याला टिचकी कुठं मारायची?

इंदुमतीबाई दोंदेंचा मुलगा रॉटरडॅमला.
त्यानं फोनवर समजावलं, आई, होयवर शिक्का मार,
डोळे झाकून, तुझ्याच भल्याचं आहे.
फ्लॅट विक म्हणाला होता तेव्हाही
हाच आवाज होता त्याचा, अगदी हाच.

रज्जाक पिंजारीच्या गल्लीतला नाला
सहा वर्षं उघडा आहे.
करारात नाल्याचा न नाही हे त्यालाही ठाऊक.
पण साहेब, इतक्या वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी त्याला काहीतरी विचारलं.
प्रश्न तुमचा होता. उत्तर त्याच्याकडे
आधीपासून साठलेलं होतं, ते त्यानं दिलं.

फिलोमिना साळवे, शरणपूरची, नर्स होती.
तिनं औषधांचं परिशिष्ट चष्मा लावून वाचलं
आणि होय ठरवून घरातून निघाली.
रांगेत एक कॉलेजचा पोरगा म्हणाला,
मावशी, अडाणी लोकच नाही म्हणणारेत बघा.
तिची आई अंगठा उठवायची.
आत गेल्यावर काय झालं ते तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

तुम्ही लिहून घेताय त्यात 'गैरसमज' हा शब्द दिसतोय मला.
उलटा असला तरी वाचता येतो, चाळीस वर्षं खिळे उलटेच वाचले.
खोडा तो.

पुराचं सांगतो.
धरणातून इतके हजार क्यूसेक सोडले, असं रेडिओ सांगतो.
क्यूसेक कुणी पाहिलाय?
भांडीबाजार एकच विचारतो:
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?
गुडघ्याला म्हटलं, की चहा चालू.
कमरेला म्हटलं, की खालचे खोके माळ्यावर.
छातीला म्हटलं, की शटर ओढतात
आणि शेजाऱ्याचंही ओढू लागतात.
तुमच्या तीनशे बारा पानांत
क्यूसेकच क्यूसेक होते, साहेब.
उभा राहून भिजणारा कुणी नव्हता.

करार वाईट होता असं मी म्हणत नाही.
काही कलमं चांगली होती,
एकशे एकोणतीसावं तर मला फार आवडलं,
कोळ्यांच्या जाळ्यांविषयी होतं, छोटंसं, स्वच्छ.
ते कुणी चौकात वाचून दाखवलं असतं तर!
पण गाडीवरच्या भोंग्यातून नुसतं
ऐतिहासिक, ऐतिहासिक, ऐतिहासिक.

आणि पान दोनशे चौदा.
मूळ प्रतीत होतं, 'बंधनकारक राहणार नाही'.
मराठीत 'नाही' गळलं होतं.
दोन्ही वाचनांत माझ्याही नजरेतून निसटलं,
फर्मा छापायला चढला तेव्हा रात्री दीडला दिसलं.
यंत्र थांबवलं. तेवढा एक शब्द बसवला.
नंतर एकाही माणसानं, मंत्र्यानं, विरोधकानं
त्या पानाविषयी अवाक्षर काढलं नाही.
तेव्हा मोजणीत धरणार असाल तर
एक 'नाही' माझं आहे, मतदानाच्या आधीचं.

पेटीतलं कोणतं, ते विचारू नका.
चहा घ्या, गार होतोय.
नको, तो पाय नका दाबू, त्यानं आणखी हलते.