शेरा

जालन्याच्या एमआयडीसीत, रात्रपाळीला,
भट्टीच्या मागच्या भिंतीला चिकटून कुत्री झोपतात.
मुनीरचाचा डबा तिथंच ठेवतो;
बाराला भाकरी निघते ती आत्ता तव्यावरून उतरल्यासारखी.

मी रीडिंग घेतो. चिमणीच्या तोंडाशी पाचशे चाळीस.
लोखंड तापवायला, सळई ओढायला
जो कोळसा मोजून घेतला
त्यातला एवढा दरेगावच्या आभाळाला फुकट.

शेठ वाईट नाही. त्याला ठाऊक आहे
ही धग अडवून परत भट्टीत फिरवता येते.
पण बँक विचारते, यानं माल किती वाढेल?
माल नाही वाढणार, साहेब. कोळसा घटेल.
आणि दरेगावच्या वाळवणावर काजळी कमी बसेल,
तो नफा कुणाच्या वहीत मांडायचा?

सरकारच्याच.
म्हणून पैसेही सरकारनं घालावेत, निम्मे तरी.
नव्या शेडला फीत असते, कात्री असते.
जुन्या भट्टीच्या पोटात चार नळ्या बसवल्या
तर फोटो कशाचा काढणार?

कुत्र्यांना थंडी वाजेल की रे, चाचा म्हणतो.
वाजेल.

शेऱ्याच्या रकान्यात आजही तेच लिहितो:
पाचशे चाळीस.
वर पाठवले.