गुन्वोर पडद्याकडे बघते

बोटीवर तीस वर्षं असाच पडदा होता,
ती म्हणाली. करडा, मिणमिणता.
मासा असला की ठिपका जाड,
नुसतं पाणी असलं की काळं.

हे काळं गोल पाणीच आहे, डॉक्टर मारेत म्हणाली.
सुई तिरकी शिरली, पडद्यावर पांढरी रेघ,
आणि गोल आक्रसत आक्रसत
नाहीसंच झालं.
सिरिंजमध्ये पेंढ्याच्या रंगाचं, चमचाभर.

दुसरी गाठ मात्र रिकामी होईना.
आता खट् वाजेल, दचकू नकोस.
वाजलं. चारदा.
गुन्वोरने मोजलं, जाळं ओढताना मोजायची तसं,
ओठ न हलवता.

बाटलीत चार पांढुरके धागे.
दोन तरंगले,
दोन तळाला गेले.
तिनं विचारलं नाही.

जागा पुन्हा सापडावी म्हणून
आत सोडली एक खूण, तिळाएवढी, धातूची.
म्हणजे बोया, गुन्वोर म्हणाली.
हो. बोया.

हामरफेस्टमध्ये दुपारचे दोन,
आणि उजाडलंच नव्हतं.
स्वेटरच्या आत बर्फाची पिशवी दाबून
ती गाडीत बसून राहिली, इंजिन चालू.
निकाल पुढच्या गुरुवारी.
त्या दिवशी भरती किती वाजता,
तिनं आधी ते पाहिलं.