तालुक्याचं ठिकाण

नकाशावर ठिपका, ठिपक्याभोवती वर्तुळ
म्हणजे तालुक्याचं ठिकाण.
कळमनुरीलाही असंच होतं,
शाळेच्या भिंतीवर, ओल येऊन फुगलेलं.
इथं आखातावर, खोर-अल-मिल्हला, ते मीच काढतो,
शून्य दशांश तीनच्या पेनानं,
वालीच्या कचेरीत, आतल्या खोलीत,
एसीखाली ठेवलेल्या बादलीशेजारी.

भूगोल थोडकाच आहे.
पाठीला डोंगर, भाजल्या खापराचा, बिनगवती.
पुढ्यात आखात.
मध्ये जेमतेम पाऊण मैल सपाटी, तेवढ्यात
मशीद, किल्ला, बर्फाचा कारखाना,
मलबाऱ्याचं चहाचं दुकान,
खजुरीच्या अठ्ठावीस बागा, त्यांतल्या नऊ वाळलेल्या.
विहिरी मचूळ. एक गोडी.
गाव इथंच का बसलं ते विचारू नका,
तिच्यात पोहरा सोडा.

इतिहास फायलींत आहे, वाळवीनं चाळलेला.
कुणी आलं, तोफ ठेवून गेलं.
कुणी आलं, झेंड्याची काठी रोवून
कागदावर अंगठे घेऊन गेलं.
मग मोती होते.
मग मोत्यांना गिऱ्हाईक उरलं नाही,
एका हंगामात सगळ्या होड्या वाळूवर उपड्या पडल्या
आणि माणसांनी टोळ भाजून खाल्ले.
पुढं तेल शोधणारे आले,
सात महिने जमिनीला भोक पाडत बसले.
लागलं खारं पाणी.
भोक अजून आहे. त्यावर लोखंडी झाकण,
झाकणावर दुपारच्या बकऱ्या.

खमीस बिन राशिद दर मंगळवारी येतो.
काम काही नसतं.
काठी दाराला टेकवतो, रुमालातले खजूर टेबलावर ठेवतो,
नकाशावर वाकतो :
समुद्र कोरा का ठेवलास?
बाबा, आमचं खातं जमिनीचं.
तो हसतो. एकच दात, तोही कडेला.
त्याचा बाप पाणबुड्या होता, दोन्ही कान फुटलेला;
त्याच्याशी बोलायचं म्हणजे हातांनी.
त्याच हातांनी खमीस मला दाखवतो :
इथं विधवेचं शेत, सात वाव खोल.
इथं दोन भाऊ. मधून होडी जाते, वारा पडलेला असेल तर.
आणि इथं, जाऊ नकोस.
का?
का काय, नावच तसं आहे, जाऊ नकोस.

पावसाळा नसलेल्या जुलैत पत्र आलं राजधानीतून.
कचेरी हलणार, चाळीस मैल आत,
नव्या रस्त्यावर, काचेच्या इमारतीत.
संबंधितांनी नोंद घ्यावी.
कोठडीत एकच कैदी होता, बकरीचोर.
त्यानंच कपाटं टेम्पोत चढवायला हात लावला,
शिक्क्यांची पेटी स्वतःच्या मांडीवर घेतली
आणि ड्रायव्हरशेजारी बसून गेला,
जणू वालीच तो.

मला हुकूम एवढाच : वर्तुळ काढावं, ठिपका राहू द्यावा.
फिल्मवरची शाई ब्लेडनं खरवडावी लागते,
हलक्या हातानं, नाहीतर कागद खडबडतो
आणि पुसलेलं जन्मभर दिसत राहतं.
काळी भुकटी निघाली चिमूटभर.
फुंकली.
नऊ वर्षांत मी या गावाला दिलेली
ती सगळ्यात मोठी झुळूक असेल.

प्रती सात मागवल्या होत्या.
आठवी मी रात्री बसून काढली.
तिच्यात समुद्र भरला :
विधवेचं शेत, दोन भाऊ, जाऊ नकोस,
एकूण एकतीस नावं.
अरबी अक्षर माझं कच्चं,
म्हणून देवनागरीत.
काचेच्या इमारतीतल्या कुणाला ती वाचता येणार नाहीत,
आणि खमीसला तर कुठलंच वाचता येत नाही.

मंगळवारी तो आला. रिकामी खोली,
भिंतीवर कपाटांच्या फिकट चौकटी, बादली.
प्रत त्यानं उलटी धरली, मग सुलटी केली,
विचारलं, विधवेचं कुठलं?
मी बोट ठेवलं.
त्यानं माझं बोट धरलं, खरबरीत दोन बोटांत,
आणि केसभर उत्तरेला सरकवलं.