उपसर्ग

करंजाड्याच्या नव्या घराच्या गच्चीवर
मी लॉ-एन्ट्रन्सची लॅटिन मुळं घोकतेय:
याकेरे, फेकणे. प्रो, पुढे.
प्रोजेक्ट म्हणजे पुढे फेकलेलं.

बापूस अर्ध्या दाढीवर थांबतो.
"किती पुरं?"
पुस्तकात अंतर दिलेलं नाही.
"आपुन तं सात किलोमीटर."

हा प्रो उपसर्ग, मी सांगते,
शब्दाच्या आधी लागतो.
"लागला ना. म्हायती हाय."

पान उलटते. ऑब: आडवं.
ऑब्जेक्शन.
फेकणं तेच,
फक्त वाटेत.

तो आत जातो. फेस सुकलेल्या गालानं
पिवळी फाईल घेऊन येतो:
हरकत अर्ज, आवक शिक्का,
आज्याचा अंगठा
मिठागराच्या बांधासारखा तिरका.

"आरवाच टाकलेला गो," म्हणतो
आणि आरसा शोधू लागतो.