क्लच नसलेली गाडी

वडाळ्याच्या पुलावर चढताना तिनं हात टेकले.
इंजिन ओरडतंय, काटा चार हजारावर,
चाकं ढिम्म.
मागे सात लाद्या बर्फ,
ट्रॉम्ब्याच्या जेट्टीवर दोन बोटी खोळंबलेल्या.
गोणपाटाखालून पाणी सुटलं
आणि माझ्याआधीच उतारानं निघून गेलं.

मुख्तारनं काठी ओढली, तेल बोटावर घेतलं,
आधी स्वतःच्या नाकाशी नेलं, मग माझ्या.
करपलेल्या डाळीचा वास.
"लाल पाहिजे, यमूताई. हा तर कात झालाय."

नवा गिअरबॉक्स साडेचार लाख.
अख्खी गाडी मी सहाला घेतली होती,
बुडालेल्या एका कंपनीच्या लिलावात.
"साधा गिअर टाका की, स्वस्तात होईल,"
बाजूचा टायरवाला म्हणाला.
मग त्याची नजर डाव्या पायाच्या कॅलिपरवर पडली
आणि त्याला एकदम चहा आठवला.

कुर्ल्याला शकूरच्या गाळ्यात
गिअरबॉक्स थरावर थर, ताडपत्रीखाली,
प्रत्येकावर खडूनं गाडीचं नाव
आणि एकाचंही अक्षर दुसऱ्यासारखं नाही.
मी म्हटलं, तीन पिढ्या मासे घेतोय आम्ही,
वरची चमक बघत नाही. कल्ले उघड.
शकूर हसला, पण पॅन उघडला.
तेल लाल. पिकलेल्या कोकमासारखं.
तळाच्या चुंबकावर राखाडी चिखल,
बोटांत चोळला, मऊ. कपचा नाही, चुरा नाही.
मुख्तारनं टॉर्च मारून नंबर जुळवला,
शेवटचे दोन आकडे दोनदा वाचले.
"कुणाची होती?"
"बिल्डरची. पनवेलला मागून ट्रकनं ठोकली.
पुढचं सगळं शाबूत."
माणसाचं मी विचारलं नाही.
शकूरनंही सांगितलं नाही.
पंचाण्णववर सौदा तुटला, दोरी त्याची.

बसवायला दोन दिवस.
एका रात्री कूलरच्या नळ्या धुतल्या,
जुनी घाण राहिली तर नवाही महिन्यात जातो,
हे मुख्तारनं मला सांगितलं
आणि भावाशी सात वर्षं न बोललेली मी
उगाच दुसरीकडे बघितलं.
मग तो कन्व्हर्टर हातानं फिरवत आत ढकलू लागला,
डोळे मिटून, कान लोखंडाला लावून.
खट्.
खट्.
पोऱ्या बोल्ट घेऊन पुढे झाला, त्यानं थांबवला.
अजून एक बाकी आहे.
रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला, सगळं हललं,
पुन्हा शांतता,
पुन्हा थोडं फिरवणं.
खट्.
"आता लाव."

संध्याकाळी त्यानं लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली खोचली.
"ह्यात जुन्या ड्रायव्हरची सवय आहे.
कुठे दाबायचा, कुठे सोडायचा. पुसू?"
म्हटलं, पुसायच्या आधी एक फेरी मारते.

चेंबूरच्या नाक्यापर्यंत गेले.
गाडी घाईत होती.
जरा पाय टेकवला की झेप,
सिग्नलला अगदी जवळ जाऊन ब्रेक मागायची,
कुणीतरी वाट बघत असल्यासारखी.
मागे बर्फ असता तर लाद्या फुटल्या असत्या.
मी परत आले, किल्ली दिली. पुस.

आता ती दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना
किंचित अडखळते, विचारल्यासारखी.
मुख्तार म्हणतो, शंभरेक किलोमीटर द्या,
तुमचा पाय शिकेल.
शिकू दे. एकच शिकायचाय.
डावा आहे हे तिला कधी कळणारच नाही,
तिच्या लेखी मी पुरी.

जुना डबा शकूरनं किलोवर घेतला.
काट्यावर ठेवताना तळातून थोडं काळं गळलं,
मी चप्पल मागे घेतली,
पहाटे साडेतीनचा गजर लावला.