नदी वाहत नाही तेव्हा

ऑक्टोबरात याना थांबते.
डिसेंबरात तिच्या पाठीवर मीटरभर बर्फ चढला
की तिचं काम न्युर्गुनच्या उरालकडे येतं:
वाहायचं.

सहा चाकं, वर ताडपत्री,
ताडपत्रीखाली रजया, रजयांखाली कांदे.
उणे पन्नासात कांदा गोठला
की कांद्याच्या आकाराचा दगड,
आणि वितळला की नुसता चिखल.
मैद्याचं तसं नाही. मीठ, काडेपेट्या, रबरी बूट,
दवाखान्याची लोखंडी खाट,
सायनाराची शिलाई मशीन,
सगळं मुकाट मागे बसतं.

अंडी मात्र पुढे, शेजारच्या सीटवर,
पाहुण्यासारखी.
पट्टा त्यांना बांधलाय, त्याला नाही.
बर्फावर ड्रायव्हर पट्टा बांधत नाही,
दार ओढून घेतो, लावत नाही.

इंजिन नोव्हेंबरपासून बंद पडलेलं नाही,
म्हणजे पडू दिलेलं नाही.
जेवताना चालू, झोपताना चालू,
सासऱ्याला पुरलं तेव्हाही
कुंपणाबाहेर घुरघुरत होतं.

वडील सांगायचे,
कडाडला तर ये म्हणतोय.
गप्प बसला तर उतर आणि चालून बघ.

एकशे बाराव्या किलोमीटरला तो गप्प बसतो.
इथेच दोन वर्षांमागे प्योत्रची गाडी गेली.
प्योत्र वाचला, अठरा टन साखर गेली.
त्या उन्हाळ्यात मासे गोड लागले
असं गावात अजून सांगतात,
सांगताना हसत नाहीत.
न्युर्गुन उतरतो, चालून बघतो,
परत चढतो, पहिला गिअर,
एक हात स्टिअरिंगवर
आणि एक अंड्यांवर, का कुणास ठाऊक.

दुपारी तीनला अंधारात गाव येतं.
बायका घसरगाड्या ओढत येतात,
पोरं टायरांना हात लावून बघतात.
मात्र्योना बाई यादी वाचते,
मोजते, पुन्हा मोजते.
तीनशे साठ हवीत. चार कमी.
"फुटली?"
"खड्डा होता."
नदीवर कसला आलाय खड्डा.

एकशे तेराव्या किलोमीटरला
त्याने इंजिनाच्या गरम पत्र्यावर ती भाजली होती,
हात थांबत नव्हते म्हणून,
आणि चारही खाल्ली, सालाच्या कणांसकट, उभ्याउभ्या.
बाई त्याच्या मिशीकडे बघते.
पिवळा ठिपका, गोठलेला.
वहीत लिहिते: फुटली, चार.

परतीचा माल मासे,
सरपणासारखे रचलेले, खणखणीत.
यांना रजई नको.

मेअखेरीस हा रस्ता स्वतःच निघून जाईल
किलोमीटरच्या पाट्यांसकट, समुद्राकडे.
मग नदी वाहील,
न्युर्गुन अंगणात बसून मिशी कातरेल,
आणि किल्ली फिरवून
सात महिन्यांत पहिल्यांदा
उरालला गप्प करेल.

त्या रात्री तुयाराला झोप येत नाही.
उठून ती दोनदा खिडकीपाशी जाते,
बघते, गाडी आहे.
तो आहे.
मग काय बंद पडलंय?