पाणी येत नाही

तापीवर जायचं ठरलं होतं पाचला.
पाचला मनवानं दुपटं भिजवलं,
मग माझ्या धुतलेल्या शर्टावर उलटी केली,
आणि दक्षची एक चप्पल हरवली.
ती सापडेपर्यंत त्यानं दुसरी लपवली.
"मालगाडीसुद्धा आउटरला इतकी थांबत नाही,"
मी म्हणालो.
बायको खिरीचा डबा पिशवीत कोंबत म्हणाली,
"मग दाखवा ना हिरवी झेंडी, आहे कुणाकडं?"

मला आज रेस्ट होती.
काल रात्रभर इंजिनात जागलो होतो,
तरी खांद्यावर नऊ महिन्यांची पोर,
हातात थर्मास,
आणि बऱ्हाटेंच्या रिक्षात अर्धी बाहेर आलेली बाबागाडी.

जागृती, माझी बहीण, पुढं बसली.
सुरतेहून चार दिवसांसाठी आलेली.
आज नववा.

दक्षला मागच्या महिन्यात डुमसला नेलं होतं.
तेव्हापासून त्याच्या बोलण्यात
समुद्र हा एक माणूस आहे.
तो येतो. पाय धरतो. परत जातो.
एकदा पप्पांची चप्पल घेऊन गेला
आणि दुसऱ्याच कुणाची तरी आणून दिली.

पुलाखाली उतरलो तर बाबागाडीचं चाक गाळात.
उन्हाळ्यानं नदी मधोमध गोळा झालेली,
काळ्या खडकांत हिरवी, अगदी गप्प.
पलीकडं कुणी टरबुजाच्या वाडीत वाकलेलं.
आम्ही सतरंजी टाकली. वारा तिला उचलायचा,
मनवा तिच्या काठावरची माती खायची,
बायको तोंडातून काढायची, ती परत खायची.

दक्ष पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.
बोटं बरोब्बर ओळीत.
हात मागं बांधलेले, स्टेशन मास्तरासारखे.
बराच वेळ.
वरून एक गाडी गेली, पूल थरथरला,
पाणी नाही हललं.

मग तो वळून जोरात ओरडला,
"मामा, पाणी येत नाही!"

शेजारच्या सतरंजीवरच्या बाईनं
भेळेचा कागद खाली ठेवला.
"कोन्त्या एरियात वो, भाऊ?
आमच्याकडं तं बारा दिवस झाले."

आम्ही हसलो, ती बाईही हसली,
दक्ष मात्र रडकुंडीला आला.
जागृतीनं त्याला जवळ ओढलं.
"नदी येत नसते, बाळा. नदी जाते."
कुठं?
"सुरतेला. आपल्या घराच्या मागून."
त्यानं पाण्याकडं संशयानं पाहिलं.
"पॅसेंजरनं?"

ती काही बोलली नाही.
फोन पालथा पडला होता सतरंजीवर,
तो तिनं उलटा करून पाहिला,
परत पालथा ठेवला.
खीर कुणीच खाल्ली नाही.
सातला डास आले, आम्ही उठलो.
इतक्या तयारीनंतर
नदीवर जेमतेम पाऊण तास.

पहाटे साडेचारला नळाला खोकला आला.
आमच्या चाळीत त्या आवाजानं
मेलेला माणूससुद्धा बादली शोधेल.
बायको पिंपाकडं, मी मोटारीकडं,
मनवा झोपेतच किंचाळली,
शेजारी नारखेडेंची पाइपावरून हाक.

दक्ष उंबऱ्यावर येऊन बसला, डोळे चोळत.
पाइप निसटला होता.
पाणी अंगणातून, तुळशीला वळसा घालून,
बिडीचं थोटूक, एक वाळलं पान पुढं ढकलत
हळूहळू त्याच्या पायांपाशी आलं.
तो झटकन मागं सरकला.
मग पुढं.
बोटं बरोब्बर ओळीत.

"आलं," तो म्हणाला, ओरडला नाही,
जसं काही त्याला ठाऊकच होतं.

बायको आतून, "पिंप वाहतंय! बंद करा कुणीतरी!"
जागृतीनं तोटीकडं हात नेला
आणि तसाच ठेवला
थोडा वेळ.